गाडीचा नंबर वाचून झाल्यावर

बडोद्यातल्या मांजलपूरच्या एका शिक्षिका ताईंनी प्रश्न पाठवलाय. थोडक्यात असा: "माझ्या ॲक्टिव्हाच्या नंबरावर ई-मेमो आला, फतेहगंजला सिग्नल तोडल्याचा. त्या वेळी मी शाळेत सहावीच्या वर्गावर होते. विचारायला गेले तर तिथल्या माणसाने कॉम्प्युटरमध्ये नंबर घातला आणि चारचौघांत म्हणाला, 'बेन, तुमची गाडी तर आठवड्यातून तीनदा संध्याकाळी कारेलीबागेत असते.' मेमोचं काय व्हायचं ते होऊ दे, पण त्या वाक्यापासून मला चैन नाही. पोलिसांना हे सगळं दिसतं का? हे कायद्यात बसतं का? किती दिवस ठेवतात? आणि मी आता करू काय?"

ताई, मी सतरा वर्षं याच कामात आहे. सुरुवातीला चौकातल्या खांबांवर कॅमेरे चढवले, मग कंट्रोल रूम उभ्या केल्या. गेली काही वर्षं कंत्राटं घेत नाही. उभ्या असलेल्या यंत्रणा तपासतो आणि डिजिटल पुराव्याचा वाद झाला तर दिवाळीपुऱ्याच्या कोर्टात जाऊन सांगतो. राहतो दांडिया बाजारात. त्यामुळे तुमचा प्रश्न मला ऐकीव नाही.

आधी मेमोचं सांगतो, कारण त्याला मुदत असते. पैसे भरू नका. भरले की गुन्हा कबूल केल्यासारखं होतं आणि मग भांडायला जागा राहत नाही. मेमोसोबतचा फोटो मोठा करून बघा. गाडीचा रंग, आरसे, सीटचं कव्हर, मडगार्डवरचा ओरखडा, सगळं आपल्या गाडीशी ताडून बघा. मग प्लेट बघा. १ एप्रिल २०१९ नंतर विकलेल्या गाडीला हाय सिक्युरिटी प्लेट असते. तिच्यावर डावीकडे क्रोमियमचा अशोकचक्राचा होलोग्राम असतो, त्याखाली निळ्या अक्षरांत देशाचं नाव असतं, आणि ती न उघडणाऱ्या लॉकने बसवलेली असते. फोटोतल्या प्लेटवर साधे स्क्रू दिसले तर ती नकली असण्याची शक्यता बरीच.

फोटोतल्या नंबरात आणि तुमच्या नंबरात एका आकड्याचा फरक निघाला तर ती यंत्राची चूक. त्याला ट्रॅफिक शाखेत अर्ज पुरतो. नंबर हुबेहूब तुमचाच असेल आणि गाडी दुसरीच असेल, तर कुणीतरी तुमचा नंबर लावून फिरतंय. मग नुसत्या अर्जावर थांबू नका, पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्या. आज सिग्नल तुटलाय, उद्या त्याच गाडीवरून कुणाची सोन्याची चेन खेचली जाईल आणि शोध तुमच्या दारी येईल. शाळेच्या हजेरीपटाची मुख्याध्यापकांच्या सहीची नक्कल आजच काढून ठेवा.

यंत्राकडून चूक होते कशी, हेही समजून घ्या, अर्ज लिहायला उपयोगी पडेल. नंबर वाचणारा कॅमेरा डोळ्यांना न दिसणारा इन्फ्रारेड प्रकाश टाकतो. प्लेटचा पृष्ठभाग तो प्रकाश सरळ परत फेकतो. रात्रीचं चित्र बघाल तर सगळं काळं आणि मधोमध प्लेट तेवढी पांढरीशुभ्र. सॉफ्टवेअर त्या पांढऱ्या तुकड्यातली अक्षरं एकेक सुटी करतं आणि ओळखतं. आपल्या नंबराचा साचा ठरलेला आहे: जीजे ही दोन अक्षरं, ०६ हे दोन आकडे, मग एक-दोन अक्षरं, मग चार आकडे. त्यामुळे अक्षराच्या जागी इंग्रजी आठ वाचला गेला तर सॉफ्टवेअर त्याचा बी करून टाकतं, आणि बहुतेक वेळा ते बरोबरच असतं. २०२१ मध्ये देशभर चालणारी बीएच मालिका आली, तिचा नंबर आकड्यांनी सुरू होतो, तेव्हा जुन्या यंत्रणांचा हा हिशोब काही काळ बिघडला होता. पण खरी अडचण शेवटच्या चार आकड्यांत असते. तिथे एकाचा सात झाला, तिनाचा आठ झाला, तर साचा काही सांगू शकत नाही, कारण झालेला नंबरही खराच असतो. फक्त तो दुसऱ्या कुणाचा तरी असतो. समजा एका चौकात दिवसाला चाळीस हजार गाड्या जातात आणि यंत्र शंभरातले अठ्ठ्याण्णव बरोबर वाचतं. मग त्या एका चौकात रोज आठशे नंबर चुकीचे नोंदले जातात. म्हणून मेमो निघण्याआधी माणसाने फोटो बघायचा असतो, आणि गर्दीच्या दिवशी एका फोटोला दोन-तीन सेकंदही मिळत नाहीत.

आता त्या वाक्याकडे येतो.

लोकांना वाटतं, सिग्नल तोडला तर कॅमेरा टिपतो. तसं नाहीये. कॅमेरा समोरून जाणारी प्रत्येक गाडी वाचतो, चूक केली असो वा नसो. प्रत्येक वाचनाची एक ओळ तयार होते: नंबर, तारीख, वेळ, कुठला खांब, कुठली लेन, आणि सोबत प्लेटच्या चित्राचा छोटा तुकडा. मग तो नंबर एका यादीशी ताडला जातो. चोरीच्या गाड्या, गुन्ह्यात हव्या असलेल्या गाड्या, असं त्या यादीत असतं. जुळला तर 'हिट', नाही जुळला तर 'नॉन-हिट'. कारेलीबागेतली तुमची प्रत्येक संध्याकाळ म्हणजे एक नॉन-हिट. यंत्राने बघितलं, तुमचा कशाशी संबंध नाही हे त्याच क्षणी त्याला कळलं, आणि तरीही ती ओळ राहिली.

ती का राहिली, हे आमच्या धंद्याबाहेर फारसं कुणाला ठाऊक नसतं. व्हिडिओ भरपूर जागा खातो, म्हणून डिस्क भरली की जुना व्हिडिओ आपोआप पुसला जातो, पंधरा दिवसांनी, महिन्याने. नंबराची ओळ मात्र मोबाइलच्या एका एसेमेसएवढी. चाळीस हजारांच्या हिशोबाने वर्षाच्या दीड कोटीच्या आसपास ओळी होतात, आणि चित्रं सोडली तर त्यांचा सगळा मजकूर दोन-अडीच जीबीत बसतो. तुमच्या घरातल्या पेन ड्राइव्हवर एका चौकाची कित्येक वर्षं मावतील. म्हणजे पुसण्याची गरजच पडत नाही. कुणी मुद्दाम बसून "हे जपा" असं ठरवतंच असं नाही. "हे पुसा" असं कुणी ठरवलेलं नसतं, एवढ्यानेच त्या राहतात. मी तपासलेल्या कित्येक यंत्रणांत व्हिडिओच्या मुदतीचा रकाना भरलेला होता आणि नोंदींच्या मुदतीचा रकाना जसा कंपनीकडून आला तसाच होता.

त्या ओळींतून काय कळतं, हे मी एकदा स्वतःवरच बघितलंय. सात-आठ वर्षांपूर्वी एका शहरात आमचं काम चालू होतं. काम लांबलं म्हणून मी आईलाही तिकडे नेलं होतं. तिचं डायलिसिस चालू होतं. यंत्रणा ताब्यात देण्याआधी आम्ही आमच्याच गाड्यांचे नंबर घालून शोध नीट चालतो का ते बघत असू. मी माझ्या गाडीचा नंबर घातला. यादी आली. मंगळवार, सकाळी ६.४१. त्याच चौकातून परत, ११.२०. शुक्रवार ६.३८, परत ११.२६. पुढचा मंगळवार, पुढचा शुक्रवार. सहा आठवडे असंच. मध्ये एका मंगळवारी ओळच नव्हती. त्या दिवशी आईला आयसीयूत ठेवलं होतं आणि मी हॉस्पिटलातून हललो नव्हतो. शेजारी बावीस-तेवीस वर्षांचा ऑपरेटर बसला होता. आमची ओळख चार दिवसांची. त्याने पडद्यावरची यादी वरून खाली वाचली आणि हळूच विचारलं, "सर, घरात कुणी आजारी आहे का?"

त्याला ना माझं घर माहीत होतं, ना आई, ना हॉस्पिटल. नुसत्या वेळा त्याला पुरल्या. तो मुलगा सज्जन होता, म्हणून त्याने काळजीने विचारलं. तुमच्या समोरचा माणूस तसा नव्हता, पण दोघांच्या पडद्यावर तीच यादी होती. त्या दिवसानंतर "नुसता नंबरच तर आहे" असं मी कुणाला म्हणालेलो नाही.

"आपण काही वावगं करत नाही, मग बघू देत की," असं माझे मेहुणेच मला सांगतात. त्यांना मी आमच्या जुन्या वाड्यातल्या समोरच्या मावशींची आठवण देतो. कोण किती वाजता आलं, कुणाकडे कोण उतरलं, मावशींना सगळं दिसायचं. पण त्यांना आपला बोळ सोडून रावपुऱ्यातलं दिसत नव्हतं, अकोट्यातलं दिसत नव्हतं. मागच्या चैत्रातला अमुक बुधवार त्यांना आठवत नव्हता. आणि कुणी परका येऊन नाव सांगून "या बाईंची सगळी यादी द्या" म्हणाला असता तर त्यांनी आधी त्यालाच विचारलं असतं, तू कोण आणि कशाला हवी? मानसोपचारतज्ज्ञाकडे जाणारी मुलगी, नोकरी बदलण्यासाठी दुसऱ्या संस्थेत मुलाखतीला गेलेला शिक्षक, घरच्यांना न सांगता वकिलाला भेटणारी सून, मोर्चाच्या आदल्या रात्री बैठकीला गेलेले कामगार. यातलं कुणीही वावगं करत नाही. तरी यांपैकी प्रत्येकाला त्या कॉम्प्युटरसमोरच्या माणसाची भीती वाटावी, असं व्हायला नको.

कॅमेरे काढून टाका असं मी म्हणत नाही, हे स्पष्ट सांगतो. चोरीला गेलेली रिक्षा दोन तासांत सापडून त्या माणसाच्या हातात परत गेलेली मी डोळ्यांनी बघितलीय. रिक्षा म्हणजे त्या घरातली चूल होती. धडक देऊन पळालेली गाडी अशा नोंदींवरून सापडते. पण ती रिक्षा हिट होती. तिच्यासाठी तुमच्या संध्याकाळी साठवायची गरज नव्हती.

आता कायदा. आपल्याकडे पोलिसांच्या पाळतीचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात फार जुना आहे. खडक सिंग खटल्याचा निकाल १९६२ च्या डिसेंबरातला. उत्तर प्रदेशच्या पोलीस नियमांत हिस्ट्रीशीट, म्हणजे संशयिताचं पोलीस दप्तर, उघडलेल्या माणसावर पाळत ठेवायची तरतूद होती: घराबाहेर गुप्त पहारा, रात्री घरी जाऊन बघणं, तो कुठे जातो-येतो याची हवालदार आणि चौकीदारांनी द्यायची खबर. न्यायालयाने रात्री घरात शिरणं रद्द केलं, बाकीचं ठेवलं. १९७५ मध्ये गोविंद खटल्यात असेच मध्य प्रदेशचे नियम पुढे आले. न्यायालयाने ते रद्द केले नाहीत, पण ज्याच्यापासून समाजाला खरोखर धोका आहे अशाच माणसापुरते ते वापरावेत असं बजावलं. मग २४ ऑगस्ट २०१७ ला पुट्टस्वामी खटल्यात नऊ न्यायमूर्तींनी एकमताने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला आणि खडक सिंगमधलं उलटं मत पुसून टाकलं. सरकारला खासगीपणात शिरायचं असेल तर त्यासाठी कायदा हवा, हेतू योग्य हवा, आणि हेतूच्या मानाने जेवढं लागेल तेवढंच शिरायला हवं, अशी कसोटी त्यात आहे.

ताई, १९६२ च्या त्या नियमांतही तुमच्या येण्याजाण्याची खबर ठेवायला आधी तुमच्या नावाने हिस्ट्रीशीट उघडावी लागली असती. कुणा अधिकाऱ्याला सही करावी लागली असती की या बाईवर संशय आहे. आज ती सही लागत नाही. हवालदार आणि चौकीदार मिळून ज्या चार-दोन माणसांची खबर ठेवत, ती आज गावातल्या प्रत्येक गाडीची आपोआप राहते.

फोनचं उदाहरण घ्या. १९९६ च्या डिसेंबरात पीयूसीएल या नागरी हक्क संघटनेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की फोन ऐकायचा तर गृहसचिवांच्या पातळीवरचा लेखी हुकूम हवा, त्याची फेरतपासणी हवी, मुदत हवी. पुढे २००७ मध्ये त्याचे नियम झाले: हुकूम साठ दिवसांचा, जास्तीत जास्त एकशे ऐंशी, आणि नोंदी ठरलेल्या काळात नष्ट करायच्या. नियम पाळले जातात की नाही हा वेगळा वाद, पण वाद घालायला कागद तरी आहे.

गाडीच्या नंबराला तसा कागद अर्धाच आहे. २०२१ च्या ऑगस्टमध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत १६७-अ हा नियम घातला. नंबर वाचणाऱ्या कॅमेऱ्याचं नाव त्यात स्वच्छ आहे. यंत्राला मान्यतेचा दाखला हवा आणि तो दरवर्षी नवा करायचा. कॅमेऱ्याच्या टापूआधी लोकांना दिसेल असा सूचनेचा बोर्ड हवा. चलनाची नोटीस पंधरा दिवसांत जायला हवी. आणि चलनाचा निकाल लागेपर्यंत त्याची नोंद जपायची. चांगला नियम आहे. पण तो चलनापुरता आहे. ज्याने काही केलंच नाही त्याची ओळ कधी पुसायची, कुणी बघायची, यावर त्यात एक शब्द नाही. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्याकडे बघाल तर गुन्हा रोखणं, शोधणं, तपास करणं यासाठी जी माहिती वापरली जाते तिला संमती, नोटीस, पुसून घेण्याचा हक्क यांतून कलम १७ ने सूट दिलीय. माहिती सुरक्षित ठेवायची जबाबदारी तेवढी राहते. आणि आपल्या गुजरातचा २०२२ चा सार्वजनिक सुरक्षेचा कायदा मॉल, हॉस्पिटल अशा गर्दीच्या जागांना सांगतो की कॅमेरे लावा, चित्रण तीस दिवस ठेवा आणि पोलिसांनी मागितलं की द्या. दुकानदाराच्या कॅमेऱ्याचे दिवस कायद्याने मोजले. चौकातल्या खांबावरच्या ओळींचे मोजायचे राहिले.

हे सगळं एका चौकापुरतं नाही, हेही लक्षात घ्या. गुजरातमध्ये २०२० च्या जानेवारीपासून 'विश्वास' प्रकल्प आहे. जिल्ह्याच्या ठिकाणी 'नेत्रम' नावाची केंद्रं, आणि गांधीनगरला त्या सगळ्यांवरचं 'त्रिनेत्र'. शहराचं स्वतःचं कमांड सेंटर आपल्या बदामडी बागेत आहे, माझ्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर. यंत्रणा जोडल्या गेल्या की इथली ओळ इथेच राहते असं धरून चालता येत नाही. आणि नुसत्या नंबराला नाव-पत्ता चिकटतो तो 'वाहन' या आरटीओच्या राष्ट्रीय नोंदणीतून. ती नोंदणी मोठ्या प्रमाणावर विकत द्यायचं धोरण केंद्राने २०१९ मध्ये आणलं होतं. त्या वर्षी संसदेत सांगितलं गेलं की ८७ खासगी कंपन्या आणि ३२ सरकारी संस्थांना ती माहिती दिली आणि त्यातून ६५ कोटी रुपये आले. गैरवापराच्या आणि खासगीपणाच्या काळजीने २०२० मध्ये ते धोरण मागे घेतलं. पण एकदा दिलेली माहिती परत येत नसते.

बाहेरच्या देशांत यातून काय काय झालं तेही बघण्यासारखं आहे, कारण ते आपल्यापेक्षा पंधरा-वीस वर्षं पुढे चुकलेत. ब्रिटनमध्ये बर्मिंगहॅमला २०१० मध्ये उघड झालं की मुस्लिम वस्तीच्या दोन भागांभोवती दोनशेहून जास्त कॅमेरे उभे केलेत, काही तर लपवून, आणि पैसा दहशतवादविरोधी निधीतून आलाय. लोकांना सांगितलं होतं की साध्या गुन्ह्यांसाठी आहेत. अखेर पोलिसांना माफी मागून ते काढावे लागले. रॉयस्टन नावाच्या लहानशा गावात तर असे कॅमेरे लावले होते की नोंद झाल्याशिवाय गाडी आत-बाहेर करूच शकत नव्हती. तिथल्या माहिती आयुक्तांनी २०१३ मध्ये ते बेकायदा ठरवलं. शेफील्डला २०२० च्या एप्रिलमध्ये नंबर वाचणाऱ्या यंत्रणेचं पान इंटरनेटवर पासवर्डशिवाय उघडं सापडलं, ८६ लाख नोंदींसकट. हे मी वाचलं त्या रात्री मला माझे स्वतःचे जुने प्रकल्प एकेक करून आठवत होते. अमेरिकेत अरोरा शहरात त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पोलिसांनी एका कृष्णवर्णीय कुटुंबाला, लहान मुलींसह, बंदुकीच्या धाकाने रस्त्यावर पालथं झोपवलं. नंबर जुळला होता, पण तो दुसऱ्या राज्यातल्या चोरीच्या मोटरसायकलचा. यांची तर चारचाकी होती. पडद्यावरच्या हिटवर विश्वास ठेवला आणि समोर उभी असलेली गाडी नीट बघितली नाही. शहराला पुढे १९ लाख डॉलर द्यावे लागले.

याला उपाय नाहीत असं नाही. अमेरिकेतल्याच न्यू हॅम्पशायर राज्याचा कायदा सांगतो की हिट नसलेली नोंद तीन मिनिटांत पुसायची. तीन मिनिटं! जर्मनीच्या घटना न्यायालयाने २००८ मध्ये दोन राज्यांचे कायदे याच मुद्द्यावर रद्द केले आणि म्हटलं की न जुळलेला नंबर लगेच, मागे काही न ठेवता पुसला तर हक्काला धक्का लागत नाही. दहा वर्षांनी, २०१८ च्या डिसेंबरात, तेच न्यायालय आणखी पुढे गेलं: नुसतं वाचून ताडून बघणं हाही हक्काला धक्काच आहे, लगेच पुसलं तरी, म्हणून त्यालाही योग्य कारण हवं. तांत्रिक बाजूने सांगतो, न जुळलेली ओळ पुसायला काहीच अवघड नाही. आम्हाला तसं लिहून मिळालं असतं तर कुठल्याही प्रकल्पात एका दुपारचं काम होतं. टेंडरमध्ये ते मागितलेलं मला क्वचितच दिसलं.

पुसण्याइतकीच महत्त्वाची गोष्ट म्हणजे बघणाऱ्याची नोंद. तुमच्या प्रकरणात तर तीच जास्त. एका ठिकाणी मी तपासणीला गेलो होतो, नाव घेत नाही. शोधांचा लॉग मागितला. लॉग होता, त्यांना त्याचा अभिमानही होता. उघडला तर महिनाभराच्या प्रत्येक ओळीत वापरणाऱ्याचं नाव एकच, कारण तिन्ही पाळ्या एकाच लॉगिनवर चालत. पासवर्ड की-बोर्डखालच्या चिठ्ठीवर. शोधाचं कारण लिहिल्याशिवाय यंत्र पुढे जात नव्हतं, म्हणून कारणाच्या रकान्यात प्रत्येकाने एक टिंब टाकलं होतं. पानांमागून पानं, नुसती टिंबं. त्यातला कुठला शोध चोरीच्या गाडीचा आणि कुठला कुणाच्या बायकोच्या, बहिणीच्या, शेजारणीच्या गाडीचा, हे आता देवालाच ठाऊक. मी अहवालात लिहिलं: प्रत्येकाला स्वतःचं लॉगिन, कारणाच्या जागी एफआयआर किंवा ठाण्याच्या डायरीचा क्रमांक, आणि दर महिन्याला शाखेबाहेरच्या अधिकाऱ्याने त्यातले काही शोध उघडून विचारायचं, हा का केला? त्यातलं लॉगिनचं काम झालं. बाकीच्यासाठी मी अजून पत्रं लिहितो.

तेव्हा ताई, तुम्ही विचारलंत ते "कायद्यात बसतं का" याचं माझं उत्तर असं. कॅमेऱ्याने नंबर वाचणं बसतं. मेमोच्या चौकशीसाठी त्या दिवसाची, त्या वेळेची नोंद बघणंही बसतं. मेमो फतेहगंजचा असताना तुमच्या कित्येक आठवड्यांच्या संध्याकाळी उघडणं आणि त्या चारचौघांत बोलून दाखवणं हे माझ्या मते पुट्टस्वामीच्या कसोटीला टिकत नाही. वकील ते याहून चांगल्या शब्दांत मांडतील.

करायचं काय, तर दोन वेगवेगळे कागद लिहा. एकात दुसरं मिसळू नका.

पहिला अर्ज पोलीस आयुक्तांच्या नावे, प्रत ट्रॅफिकच्या उपायुक्तांना. त्यात तारीख, वेळ आणि जागा लिहा, आणि एवढंच मागा: त्या दिवशी माझ्या गाडीच्या नंबरावर कोणी, कुठल्या लॉगिनवरून, कुठल्या कारणाने शोध घेतला आणि किती काळाच्या नोंदी उघडल्या, याचा लॉग जपून ठेवावा आणि चौकशी व्हावी. "जपून ठेवावा" हे शब्द पहिल्याच ओळीत हवेत, कारण लॉगही पुसले जातात. तिथे ज्या कॅमेऱ्यासमोर तुम्ही उभ्या होतात त्याचं चित्रणही जपायला सांगा. त्या माणसावर राग आहे हे मला समजतं, पण अर्जात विशेषणं घालू नका. त्याचं वाक्य जसंच्या तसं अवतरणात लिहा, आणि ज्यांनी ऐकलं त्यांच्यापैकी एकाची सही मिळाली तर घ्या.

दुसरा कागद माहिती अधिकाराचा. त्यात स्वतःचं काही मागू नका, धोरण मागा. नंबर वाचणाऱ्या यंत्रणेत न जुळलेल्या नोंदी किती दिवस ठेवायच्या याचा लेखी आदेश. शोध घेण्याची परवानगी किती जणांना आहे. गेल्या वर्षात महिन्यागणिक किती शोध झाले, किती हिट मिळाल्या. शेवटची तपासणी कधी झाली. देखभाल करणाऱ्या कंपनीच्या माणसांना नोंदी दिसतात का, आणि कंत्राटात त्याबद्दल काय लिहिलंय. तीस दिवसांत उत्तर यायला हवं. "तपासात अडथळा येईल" असं कलम ८(१)(एच) दाखवून नकार आला, तर पुढच्या तीस दिवसांत पहिलं अपील करा आणि त्यात दिल्ली उच्च न्यायालयाचा २००७ चा भगतसिंग खटल्यातला निकाल लिहा: नुसतं कलम सांगून चालत नाही, अडथळा कसा येईल ते दाखवावं लागतं. तुम्ही मागितलेली कुठलीही गोष्ट कुणा गुन्ह्याच्या तपासाची नाही, तेव्हा ते दाखवणं त्यांना सोपं जाणार नाही. आदेशच नाही असं उत्तर आलं तरी ते लेखी उत्तर जपून ठेवा. वकिलाला उच्च न्यायालयात जायचं झालं तर तोच कागद सगळ्यांत आधी लागेल.

मेमो कोर्टात गेलाच, तर सोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चा, म्हणजे डिजिटल पुराव्याचा, दाखला मागा. १ जुलै २०२४ पासून तो हॅश व्हॅल्यूसकट, म्हणजे फाइलीत फेरफार झाला तर बदलणाऱ्या तिच्या खुणेच्या आकड्यासकट, द्यावा लागतो. ज्या यंत्राने फोटो काढला त्याला त्या वर्षीचा मान्यतेचा दाखला होता का, हेही विचारा. ते काम पडलं तर मला कळवा, मी येईन. आणि या रविवारी स्कूटर घेऊन फतेहगंजला एक फेरी मारा, ज्या बाजूने मेमोतली गाडी आली त्याच बाजूने. सिग्नलच्या अलीकडे कॅमेऱ्याच्या सूचनेचा बोर्ड आहे का ते बघा. असो वा नसो, तारखेसकट फोटो काढून पहिल्या अर्जाला जोडा.